चारशे सोळा मीटरचा हिवाळा

नाशिकची थंडी आता पूर्वीसारखी राहिली नाही, हे वाक्य दिवाळीचे आकाशकंदील उतरले की दर वर्षी मला कुणीतरी ऐकवतेच. मी ते मान्य करीत नाही. थंडी होती तिथेच आहे. बदलली आहे ती माणसांची उठण्याची वेळ. सकाळी नऊ वाजता, खिडकीच्या काचेआड बसून, हातात मोबाइल धरून ज्यांना थंडी पाहायची आहे त्यांनी तिच्याबद्दल बोलू नये. पहाटे साडेपाचला मुलाच्या स्कूटरवर मागे बसून द्वारकेचा चौक ओलांडून पाहा. दिवसभर हॉर्न वाजवून एकमेकांचा जीव खाणारा तो चौक त्या वेळी ओळखू येत नाही. भाजीचे टेम्पो धुक्यात दिवे लावून चाललेले असतात, चहाच्या गाडीवरचा स्टोव्ह फरफरत असतो, आणि कानटोपीच्या काठाखालून जी हवा आत शिरते ती माझ्या शहात्तर वर्षांच्या हाडांना नावाने हाक मारते.

या हिवाळ्यात मी रोज असा निघतो. स्कूटर चालवतो तो माझा मुलगा प्रशांत, एका शाळेत क्रीडाशिक्षक. पुढे सायकलवर असतो त्याचा मुलगा सम्यक. वय सोळा, इयत्ता दहावी, पाय हरणाचे आणि भूक बैलाची. सम्यक तीन हजार मीटर धावतो. सोळाव्या वर्षी प्रशांतही तीन हजार मीटर धावत असे. म्हणजे मी एकच हिवाळा दोनदा पाहतो आहे, असे कुणी म्हणेल. तेही मला मान्य नाही. दुसऱ्यांदा पाहताना माणसाला पहिल्या वेळच्या चुका दिसतात, आणि हा फरक लहान नव्हे.

मी भांडखोर आहे, असे लोक म्हणतात. मला चुकीचे ऐकवत नाही, इतकेच. रेशनच्या दुकानातला काटा, विहाराच्या बांधकामातली वाकडी भिंत, नातेवाइकांनी लग्नात सांगितलेल्या जुन्या हकिकती, या सर्वांशी मी उभ्या आयुष्यात भांडलो आहे आणि बहुतेक वेळा बरोबर निघालो आहे. एक वाक्य मी दोनदा म्हणत नाही, हेही घरात सर्वांना ठाऊक आहे. पहिल्यांदा ऐकायचे ते ऐकावे. असे असूनही एका खोट्या गोष्टीशी मी तीस वर्षे भांडलो नाही. कारण त्या गोष्टीत माझे कौतुक होते.

ती गोष्ट मागच्या महिन्यात विहाराच्या सभागृहात पुन्हा सांगितली गेली. प्रशांतचा सत्कार होता. त्याच्या विद्यार्थ्यांनी चांगली कामगिरी केली म्हणून वस्तीतल्या लोकांनी तो ठेवला होता. भाषणात प्रशांत म्हणाला, “मी घडलो तो माझ्या बाबांमुळे. मी दहावीत असताना त्यांनी आमच्या कॉलनीच्या मैदानावर मला धावण्यासाठी गोल आखून दिला. चारशे मीटरचा म्हणून सांगितला, आणि मुद्दाम सोळा मीटर जास्त ठेवला. मला वाटायचं मी हळू आहे. मी रडायचो. ते मला टोचून बोलायचे. माझे बूट मी छपरावर फेकले, तेव्हा त्यांनी ते काढून दिले. आणि स्पर्धेत खऱ्या चारशे मीटरवर उतरलो, तर मी सगळ्यांच्या पुढे! असा बाप असावा लागतो.” टाळ्या झाल्या. एका तरुणाने माझ्या पाया पडून विचारले, “आजोबा, एवढी युक्ती तुम्हाला सुचली कशी?” मी शाल सावरली.

ही गोष्ट साफ खोटी आहे. आता क्रमाने सांगतो.

त्या काळी आम्ही एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत राहत होतो. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांच्या विभागात मी फिटर होतो. तिथला हिवाळा डोळ्यांनी ओळखावा लागे. उन्हाळ्यात शीतकरण मनोऱ्यांची वाफ वर जाता जाता विरून जाते. थंडीत मात्र ती पांढरी, जाड, गोधडीसारखी आकाशात पडून राहते. त्या वाफेच्या कलावरून आमच्या बायका वारा ओळखत आणि कपडे अंगणात वाळत घालायचे की घरात, ते ठरवत. वारा कोळशाची पूड घेऊन आमच्या दिशेने आला की माझी बायको सुमन दोरीवरचे कपडे ओढून काढताना माझ्याकडे अशी पाहायची, जणू तो वारा मीच पाळीवर सोडून आलो आहे. बाजरीच्या भाकरीवर तीळ लागायचे. मेथीच्या जुड्यांचे ढीग निवडले जायचे. लांबच्या द्राक्षमळ्यांतून शेकोट्यांचा धूर यायचा आणि वॅगनींचा खडखडाट थंड हवेत अगदी उशाशी वाजायचा. रात्रपाळी करून मी घरी येई तेव्हा माझ्या भुवयांवर कोळशाची पूड आणि तिच्यावर दव असे.

त्याच वर्षी प्रशांतच्या शाळेतल्या सरांनी त्याला सांगितले होते, “तीन हजार मीटर दहा मिनिटांच्या आत आलास, तर जिल्ह्याला नेतो.” दहा मिनिटे. घरात त्या हिवाळ्यात दुसरा आकडा नव्हता. सुमन दहावीच्या परीक्षेबद्दल बोलू लागली तरी प्रशांत ‘दहा’ एवढाच शब्द ऐकायचा. मी म्हणालो, “मैदान मी आखून देतो. माझ्या हातचं माप आहे.” या वाक्यात फुशारकी होती आणि ती मी मिळवलेली होती. शाफ्टची जुळणी करताना माझ्या हातून सुताएवढाही फरक पडत नाही, हे साहेब लोक मान्य करीत.

विभागात आमच्याकडे तीस मीटरचा एक टेप होता. त्याचे तोंड कधीतरी पट्ट्याच्या रोलरमध्ये सापडून तुटले होते. पहिला अख्खा मीटर गेलेला, त्यामुळे टेप एकच्या आकड्यापासूनच सुरू व्हायचा. नवा मागवणे म्हणजे कागदी घोडे, म्हणून आम्ही आमचा नियम केला होता. धरणाऱ्याने तुटके टोक खुणेवर ठेवायचे आणि वाचणाऱ्याने एक जास्त वाचायचे. पंचवीस मीटर हवे असतील तर सव्वीसच्या आकड्यावर खूण करायची. विभागातला प्रत्येक जण हे झोपेतही बरोबर करी.

टेपचे टोक धरायला मी भोयेला बोलावले. भोये पेठकडचा, डोंगरातल्या जुन्या घरातला. बदली होऊन आमच्या विभागात येऊन त्याला दोनच महिने झाले होते. अबोल, कष्टाळू, डब्यातली नागलीची भाकरी अर्धी मोडून समोरच्यापुढे ठेवल्याशिवाय जेवायचा नाही. प्रशांतवर त्याचा जीव. रविवारच्या सकाळी आम्ही मैदानावर उतरलो तेव्हा धुके इतके होते की पंचवीस पावलांवरचा माणूस नुसता काळा ठिपका दिसत होता. मी पुढे टेप ताणायचो, सव्वीसवर सळईचा तुकडा जमिनीत ठोकायचो आणि ओरडायचो, “चल!” मागून धुक्यातून आवाज यायचा, “हां भाऊ!” असे सोळा वेळा झाले. मग आम्ही चुना टाकला. माझे अंतःकरण त्या पांढऱ्या रेषेने भरून आले होते, हे मी नाकारत नाही.

जे मला दिसले नाही ते असे. भोयेला आमचा नियम कुणी सांगितलाच नव्हता. टेप तुटका आहे, हे मात्र त्याने पाहिले होते. पोराचे काम आहे, माप चुकू नये, म्हणून त्याने आदल्या दिवशी घरी बसून बरोबर एक मीटरचा बांबू कापून आणला होता. प्रत्येक खुणेवर तो आधी बांबू आडवा ठेवायचा आणि त्याच्या पुढच्या टोकाला टेपचे तुटके तोंड लावायचा. म्हणजे गेलेला मीटर त्याने एकदा भरला आणि मी पुन्हा एकदा भरला. दर पंचवीस मीटरला सव्वीस मीटर जमीन. सोळा वेळा. चारशेचे चारशे सोळा.

बेपर्वाईने चुकणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांना सोडलेले नाही. आम्ही दोघे मात्र काळजी घेऊन चुकलो.

पुढचे दोन महिने प्रशांत त्या रेषेवर धावला. मी रात्रपाळी संपवून थेट मैदानावर यायचो, घड्याळ लावायचो आणि जो आकडा येई तो तोंडावर सांगायचो. दहा चोवीस. दहा वीस. दहा सतरा. खोटा आकडा मी एकदाही सांगितला नाही. मापच खोटे होते, आणि ते मला ठाऊक नव्हते. पोराने पायाला तेल चोळले, ऊस आणि पेरू सोडून अंडी खाल्ली, मित्रांबरोबर हुरड्याला जाणे टाळले. दहा पंधरा. त्याच्या ओठांना भेगा पडल्या. वर्गातली पोरे त्याला दुरून हात करून विचारायची, “काय रे, दहा वाजले का?” तो हसायचा आणि घरी येऊन मोरीचे दार लावून पाण्याचा नळ मोठा सोडायचा. मोरीत पाणी कशासाठी वाहते आहे, हे सुमनला कळत होते. मलाही कळत होते.

एका सकाळी दहा चौदा आले. मी सोळा तासांचा दमलेला होतो. बदली माणूस न आल्याने दोन पाळ्या सलग झाल्या होत्या. हे कारण म्हणून सांगत नाही, हवामान म्हणून सांगतो. प्रशांत गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता, त्याच्या पाठीतून वाफ निघत होती. मी म्हणालो, “तुझ्यात दम नाही.” एवढेच म्हणालो, एकदाच म्हणालो. घरी येऊन त्याने बूट काढले आणि मोरीच्या पत्र्यावर भिरकावले.

ते बूट मी काढून दिले, हे त्याच्या भाषणातले वाक्य खोटे आहे. मी झोपलो होतो. बूट सुमनने काढले. साडीचा काष्टा खोचून, कपडे वाळत घालायच्या काठीने, शेजारणी बघत असताना. एक बूट गटारीत पडला तो तिने धुऊन चुलीशेजारी उलटा ठेवला. संध्याकाळी तिने प्रशांतला जे सांगितले ते मी अर्धवट जागेपणी ऐकले. “किती मिनिटांत येतोस, ते तुझे बाबा बघतील. तू येतोस की नाही, ते मी बघते. उद्या जा.” दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याचे श्रेय तीस वर्षे माझ्या नावावर सांगितले गेले, आणि ही बाई एका शब्दाने बोलली नाही. मी मात्र रेशनच्या काट्यावर भांडत राहिलो.

त्याचा सर्वांत चांगला आकडा दहा मिनिटे दहा सेकंद होता. तरी सरांनी त्याला नेले, कारण ऐन वेळी एक मुलगा तापाने पडला. त्या स्पर्धेबद्दलही लोक भलतेच सांगतात. म्हणे, बाप कोपऱ्यात उभा राहून गालातल्या गालात हसत होता. मी हसत नव्हतो, भांडत होतो. प्रशांत पहिला आला, वेळ पुकारली गेली नऊ शेहेचाळीस, आणि मी थेट पंचांच्या टेबलापाशी गेलो. म्हटले, “घड्याळ तपासा. हा माझा मुलगा आहे. याला दहा मिनिटं लागतात.”

पंच म्हणाले, “काका, तीन घड्याळं आहेत.”

“मग तिन्ही बिघडली आहेत.”

“अहो, तुमचा पोरगा जिंकला! पेढे आणा!”

“पेढे आणतो. आधी घड्याळ.”

माझ्यामागे प्रशांत उभा होता. स्वतःच्या विजयाविरुद्ध बाप भांडतो आहे, हे त्याने सगळे ऐकले. तेव्हा त्याला काय वाटले असेल, याचा विचार करायला मला तीस वर्षे लागली.

पुढच्या रविवारी मी उसना नवा टेप घेऊन एकटा मैदानावर गेलो. पहिल्या सळईपासून दुसऱ्या सळईपर्यंत सव्वीस. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत सव्वीस. मी भोयेला बोलावून आणले. त्याने वाकून आकडा वाचला आणि त्याच्या तोंडावरचा रंग उतरला.

“भाऊ, मी तर बांबू लावला व्हता.”

“कसला बांबू?”

त्याने घरून बांबू आणून दाखवला. टोके घासून गुळगुळीत केलेली, मधे धरायला सुतळी गुंडाळलेली. मग तो हसायला लागला. “लय झालं की भाऊ! पोरगं फुकटच येवढं पळालं!” मी हसलो नाही. मी म्हणालो, “कुणाला बोलायचं नाही.” त्याने हसणे थांबवले. “नाय बोलनार. पन पोराला सांगा. त्याला वाटतं त्याच्यात खोट हाय.”

मी सांगितले नाही. माझ्या हातचे माप चुकले, हे माझ्या तोंडून निघेना. पुढे उन्हाळ्यात शाळेचे सर वसाहतीत मुलांच्या शर्यती घ्यायला आले, त्यांनी गोल मोजला आणि चारचौघांत माझी पाठ थोपटली. “वा! मुद्दाम सोळा मीटर वाढवलेत!” मी नुसता हसलो. सायंकाळी प्रशांत धावत घरी आला, उंबऱ्यात थांबला. “बाबा, तुम्हाला माहीत होतं?” त्याच्या चेहऱ्यावर जे काही फुलले होते ते मी पाहिले. मी म्हणालो, “जेव.” त्या एका शब्दात मी हो म्हणालो होतो.

आता या हिवाळ्याकडे येतो.

शहरातल्या मैदानावर धावपट्टी नीट मोजलेली आहे. मी स्वतः चौकशी केली. मी कडेच्या बाकावर बसतो आणि सवयीने माझे जुने मनगटी घड्याळ लावतो. सम्यकलाही दहा मिनिटांच्या आतच यायचे आहे. त्याच्या हातात घड्याळ नसते, तो प्रशांतचा नियम. आठ दिवसांपूर्वी सम्यक रेषेवर आला तेव्हा माझ्या घड्याळात नऊ अठ्ठावन्न झाले होते. प्रशांत मोठ्याने म्हणाला, “दहा दहा! चल, परत तेच!” मला वाटले, माझे म्हातारे बोट चुकले. दुसऱ्या दिवशी मी तीन वेळा डोळे पुसून पाहिले. माझे नऊ सत्तावन्न, त्याचे दहा नऊ. घरी आल्यावर मी त्याला गाठले.

“तुझं घड्याळ बिघडलंय.”

“नाही बाबा.” त्याने आवाज खाली आणून डोळा मिचकावला. “बारा सेकंद मी वाढवून सांगतो. तुमचीच पद्धत!”

तो हे अभिमानाने म्हणाला. मी जन्माला न घातलेले मूल कुणीतरी माझ्या मांडीवर आणून ठेवावे, तसे झाले. त्याच दुपारी सुमन भाजी निवडताना सहज बोलल्यासारखे बोलली, “सम्यक मला म्हणत होता, आज्जी, हा महिना झाला की मी सोडतो. माझ्याकडून होत नाही. मोरीत नळ सोडून बसला होता मघाशी.”

संध्याकाळी मी पेठला फोन लावला. भोये आता शेतावर असतो. भात निघाला होता, नागलीची मळणी चालली होती. ओरडून बोलावे लागले.

“भोये, तो बांबू आठवतो का?”

“आठवतो म्हंजी? अजून हाय घरात. गोठ्याच्या दाराला अडसर म्हनून लावतो.”

“प्रशांतला सांगणार आहे.”

“भाऊ, तवाच बोललो व्हतो ना मी? आता तर त्यालाच पोर हाय.”

“म्हणूनच सांगतो.”

“सांगा. माझंबी नाव सांगा. येकट्यानं नका घेऊ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सम्यक रेषेवर आला. प्रशांतने पुकारले, “दहा आठ!” मी बाकावरून उठलो आणि मैदानावरच्या चार लोकांना ऐकू जाईल असे म्हणालो, “नऊ छप्पन्न.”

“बाबा, प्लीज.”

“तुझं घड्याळ त्याला दाखव.”

सम्यक गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. त्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग बापाकडे. “पप्पा? मी दहाच्या आत आलोय?” प्रशांतने घड्याळ पुढे केले. पोराने ते पाहिले आणि तिथेच मातीत बसला. हसत होता की रडत होता, ते मला ठरवता आले नाही आणि ठरवायचेही नाही.

प्रशांत मला बाजूला घेऊन गेला. “तुम्हीच हे केलंत माझ्याशी. मला त्याचा फायदा झाला. मग आता?”

मी सांगितले. टेप, बांबू, धुके, सव्वीस. काही गाळले नाही. एवढी लहान गोष्ट सांगायला इतका वेळ लागतो, हे मला ठाऊक नव्हते.

“म्हणजे मुद्दाम नव्हतं?”

“नव्हतं.”

“तुम्हाला माहीतच नव्हतं?”

“स्पर्धा होईपर्यंत नव्हतं.”

मग त्याने तो प्रश्न विचारला, ज्याच्या भीतीने मी तीस वर्षे गप्प होतो. “मग ‘तुझ्यात दम नाही’ म्हणालात, ते?”

“ते मला खरंच वाटलं होतं.”

एक गोष्ट इथे स्पष्ट करतो. मी खोटे बोलू शकलो असतो. ‘चिडून म्हणालो रे’ एवढे म्हटले असते तरी भागले असते. तीस वर्षे माझ्या मुलाने ते वाक्य एका हुशार बापाची युक्ती म्हणून उराशी जपले होते. मनातून बाबांना माझी ताकद माहीत होती, अशी त्याची समजूत होती. ती मी त्याच्या हातातून काढून घेतली. हे निर्दयपणाचे झाले, असे मला नंतर वस्तीतल्या दोघांनी सुनावले. सुनावू देत. बारा सेकंद वाढवून सांगणे जर प्रेम असेल, तर मला तसले प्रेम माझ्या घरात चालायचे नाही. पोराला त्याचे खरे अंतर आणि खरी वेळ मिळाली पाहिजे. तेवढा त्याचा हक्क आहे; बाकी कष्ट तो स्वतः उपसतो. ज्यांना जुनी गोष्टच गोड वाटते त्यांनी ती अवश्य सांगावी. माझ्यासमोर सांगू नये.

तीन दिवस प्रशांत माझ्याशी बोलला नाही. मैदानावर जाताना स्कूटरवर आमच्या मधे थंडी बसलेली असे. सम्यकला मात्र तो रोज खरा आकडा सांगे, घड्याळ समोर धरून. घरात पोराची भूक परत आली. सुमनला भाकऱ्या थापून पुरेनात. तिला मी सर्व सांगितले तेव्हा ती तव्यावरून नजर न उचलता म्हणाली, “बुटांचं सांगितलंत का?”

“सांगितलं. तू काढलेस म्हणून.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली, आणि भाकरी उलटली.

रविवारी सम्यकला विश्रांती होती. प्रशांतने स्कूटर द्वारकेवरून मैदानाकडे न वळवता सरळ नाशिकरोडच्या रस्त्याला लावली. एकलहऱ्याच्या वसाहतीमागचे ते मैदान आता गवताने भरले आहे. शेळ्या चरत होत्या. मनोऱ्यावर ती पांढरी जाड गोधडी तशीच पडलेली होती. प्रशांतने डिकीतून नवा कोरा टेप काढला. पायाने गवत बाजूला करत आम्ही पाऊण तास हिंडलो, तेव्हा गंजलेल्या सळयांपैकी लागोपाठच्या दोन सापडल्या. त्याने शून्याचे टोक माझ्या हातात दिले. मी कंबर धरून खाली बसलो आणि ते सळईवर टेकवले. टेप ताणत तो धुक्यात गेला, वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

“सव्वीस,” तो तिकडून म्हणाला.

मग त्याने स्वेटर काढून माझ्याकडे फेकला. शेहेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला माझा मुलगा, जिथे एकेकाळी चुन्याची रेषा होती तिथून अंदाजाने एक फेरी धावला. शेळ्या बाजूला झाल्या. मी घड्याळ लावले होते. तो समोर येऊन थांबला, हात गुडघ्यांवर, पाठीतून वाफ.

“किती?”

“दोन मिनिटं अकरा.”

“खरं?”

“खरं.”

श्वास जुळवायला त्याला वेळ लागला. मान खालीच ठेवून त्याने विचारले, “आता मोजलंत ना? सांगा. दम होता की नव्हता?”

“होता. दर फेरीला सोळा मीटर जास्तीचा होता.”

वॅगनींचा खडखडाट सुरू झाला होता. तो वर न पाहता म्हणाला, “ऐकू नाही आलं.”

त्याला ऐकू आले होते. मी ते वाक्य दुसऱ्यांदा म्हणालो.